पंधरा व्होल्टचा टॅप

बेंच सप्लायचं (टेबलावर ठेवून हवं ते व्होल्टेज देणाऱ्या वीजपुरवठ्याचं) सर्किट कुणी मागितलं की मी आधी विचारते, डबा केवढा आहे? आणि ट्रान्सफॉर्मर कोण गुंडाळून देणार? समोरचा माणूस जरा हिरमुसतो. त्याला हवा असतो एक कागद, ज्यावर ओपअँप (फरक मोजून हुकूम सोडणारी आयसी), झेनर आणि २एन३०५५ (जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर झेलणारा मोठा ट्रान्झिस्टर) व्यवस्थित काढलेले आहेत. तसे कागद ढिगाने मिळतात आणि त्यातले निम्मे चालतातही. पण पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये नोकरीभर मुलांनी जाळलेले सप्लाय उघडून बघितल्यावर माझं मत पक्कं झालंय. सप्लाय सर्किटमुळे क्वचित मरतो. मरतो तो ट्रान्सफॉर्मरच्या आकड्यांमुळे, उष्णतेमुळे आणि वायर कुठून कुठे नेली यामुळे.

यंदा भाचीला एक बांधून हवा होता. "मावशी, तू नको बांधूस, मी बांधते, तू फक्त सांग," म्हणाली. उत्तम. मागणी साधी होती: ० ते २४ व्होल्ट, २ अँपिअर, करंट लिमिट खरीखुरी, म्हणजे शॉर्ट केलं तरी ठरवलेल्या करंटवर शांत उभा राहणारा. स्विचिंगवाला नको, कारण तिला सेन्सरचे मिलिव्होल्ट मोजायचे आहेत आणि त्यात सप्लायचा कचरा नको.

पहिलं गणित लाइनचं. आपल्याकडे २३० व्होल्ट म्हणजे कागदावर अधिक-उणे दहा टक्के, २०७ ते २५३. आम्ही भोसरीजवळ राहतो. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, मशीनं बंद, की आमच्या घरातला मीटर अडीचशेच्या वर जाऊन बसतो. सप्लाय डिझाइन करायचा तो या दोन टोकांसाठी. २०७ ला तो २४ व्होल्ट २ अँपिअर देऊ शकला पाहिजे आणि २५३ ला शॉर्ट होऊनही जिवंत राहिला पाहिजे. मधल्या २३० ला काय होतं याची काळजी करायची गरज नाही.

खालचं टोक धरू. आउटपुटला २४. करंट मोजायच्या रेझिस्टरवर एक व्होल्ट, ट्रान्झिस्टरला श्वास घ्यायला दोन, म्हणजे रेल (ट्रान्झिस्टरच्या आधीचं कच्चं डीसी) कधीही २७ च्या खाली जाता कामा नये. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २ अँपिअरला रिपल, म्हणजे व्होल्टेजचं वरखाली होणं, साधारण दोन व्होल्ट (करंट गुणिले १० मिलिसेकंद भागिले कपॅसिटन्स, प्रत्यक्षात थोडा कमीच), ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांत) आणखी दोन. एकूण ३१ व्होल्टचं शिखर, तेही २०७ ला. मागे चालत गेलं की २३० ला २४-२५ व्होल्टचं वाइंडिंग येतं. वरच्या टोकाला तेच वाइंडिंग लोड नसताना २९ च्या आसपास पोचतं, आणि कपॅसिटरवर चाळीसला टेकलेले व्होल्ट दिसतात. म्हणून तिथे ५० चा नको, ६३ व्होल्टचाच कपॅसिटर. आणि म्हणूनच एलएम३५८ सारखा ३२ व्होल्टचा ओपअँप थेट त्या रेलवर टांगणारी सर्किटं बघितली की मला कसंतरी होतं. हिवाळ्यात चालतात, गुरुवारी जातात.

आणखी एक आकडा वाइंडरला सांगताना लोक हमखास विसरतात. कपॅसिटर भरणारा ब्रिज करंट सलग घेत नाही, शिखरावर घोट घोट घेतो. त्यामुळे डीसी २ अँपिअर हवे असतील तर सेकंडरी, म्हणजे आउटपुटकडचं वाइंडिंग, सुमारे साडेतीन अँपिअरची गुंडाळावी लागते. "दोनचा द्या" म्हणून आणलेला ट्रान्सफॉर्मर अर्ध्या तासात हात लावू देत नाही.

आता उष्णता. २५३ ला, शॉर्टमध्ये, ट्रान्झिस्टरवर ३४ व्होल्ट गुणिले २ अँपिअर, म्हणजे ६८ वॅट. हे कमी करायला सगळे टॅप घेतात, म्हणजे वाइंडिंगच्या मधूनच एक तार बाहेर काढतात: कमी व्होल्टेजला रिले (विजेने चालणारा स्विच) खालच्या टॅपवर, जास्त व्होल्टेजला वरच्या. आणि टॅप कुठे? हटकून मध्यावर, ०-१२-२४, कारण तो दुकानात तयार मिळतो. इथे जरा थांबून गणित करा. १२ च्या टॅपवर, २०७ ला, जेमतेम साडेआठ व्होल्ट आउटपुट नीट मिळतं, म्हणजे आठच्या सुमारास रिलेने वर उडी मारायलाच हवी. उडी मारली की २५३ च्या दिवशी ट्रान्झिस्टरवर ३४ वजा ८, म्हणजे २६ व्होल्ट. ५२ वॅट! ६८ चे निम्मे होतील असं वाटलं होतं, झाले ५२. टॅप १५ ला घेतला तर उडी बाराला. तेव्हा ३४ वजा १२, ४४ वॅट. आणि खालच्या टॅपवर पूर्ण शॉर्टमध्ये साधारण २० व्होल्ट, ४० वॅट. दोन्ही बाजूंचा भार जवळजवळ सारखा झाला. तेवढंच तांबं, तोच रिले, फक्त टॅप तीन व्होल्ट वर, आणि हीटसिंकवरचे (ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूवरचे) ८ वॅट वाचले. बुधवार पेठेतला वाइंडर आधी "मॅडम, बारा रेग्युलर आहे" म्हणत होता. पंधराच गुंडाळून घेतला, आणि त्याच गाभ्यावर कंट्रोल सर्किटसाठी एक वेगळं छोटं वाइंडिंग.

२एन३०५५ बद्दल प्रेमाने बोलायचं झालं तर फार बोलता येईल. आरसीएने साठच्या दशकात काढलेला, अजून मिळतो. डेटाशीटवर ११५ वॅट लिहिलेलं असतं ते केस (बाहेरचं धातूचं कवच) २५ अंशाला धरलं तर. मे महिन्यात इथे खोलीच ४० ला असते. एका ट्रान्झिस्टरवर ४६ वॅट टाकले (रिलेचा थोडा मागेपुढे फरक धरून), जंक्शन (आतली चिप) ते केस दीड अंश प्रति वॅट, अभ्रकाची चकती आणि पेस्ट मिळून अर्धा, म्हणजे हीटसिंकपेक्षा जंक्शन ९२ अंश वर. हीटसिंक ८० ला, तर जंक्शन १७२. डेटाशीट २०० पर्यंत चालेल म्हणते. चालेल, पण मी तिला दोन लावायला सांगितले, प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहम, म्हणजे भार वाटला जाईल. जंक्शन लगेच १२६ वर आलं.

दोनपैकी एक निघाला नकली. शिक्का झकास होता, पाय चकचकीत होते. लोडवर ठेवल्यावर दहा मिनिटांत कलेक्टर-एमिटर शॉर्ट. हॅकसॉने टोपी कापून बघितली तर आत तांदळाच्या दाण्याएवढी चिप, एखाद्या छोट्या ट्रान्झिस्टरची. लोहचुंबक लावून ओळखता येतं असं काही जण सांगतात, पण खऱ्या कंपन्यांचेही स्टीलचे टीओ-३ (याच धातूच्या टोपीच्या बांधणीचे) असतात, त्यामुळे त्या चाचणीला अर्थ नाही. नवा ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवून २० व्होल्ट, २ अँपिअर द्यायचे आणि दहा मिनिटं बघायचं. जो टिकला तो आपला.

सर्किट निवडताना ७२३ या रेग्युलेटर आयसीचा मोह झाला होता. फेअरचाइल्डची ती आयसी १९६७ मध्ये आली आणि आमच्या पिढीने त्याच चौदा पायांवर सप्लाय शिकला. पण साध्या जोडणीत ती दोन व्होल्टच्या खाली येत नाही, तिची कमाल मर्यादा ४० व्होल्ट, आणि आपला गुरुवार चाळीसला टेकतोय. म्हणून दुसरा मार्ग: कंट्रोल सर्किटला स्वतःचा अधिक १२ आणि उणे ५ असा छोटा सप्लाय, आणि त्याचा शून्य जोडायचा आउटपुटच्या अधिक टर्मिनलला. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण त्यामुळे ओपअँपला आयुष्यात १७ व्होल्टपेक्षा जास्त दिसतच नाहीत, मग आउटपुट २४ असो की १००. साधा एलएम३५८ पुरतो. त्यातल्या दोन ओपअँपपैकी एक व्होल्टेज बघतो, दुसरा करंट मोजायच्या ०.४७ ओहमवरचा ड्रॉप. दोघे डायोडमधून ट्रान्झिस्टरचा बेस खाली ओढतात, ज्याला आधी हरकत असेल तो जिंकतो.

व्होल्टेज ठरवायची रीत यात फार गोड आहे. पाच व्होल्टच्या रेफरन्समधून २ किलोओहमने अडीच मिलिअँपिअर काढायचे आणि ते पॉटमधून (गोल फिरवून बदलायच्या रेझिस्टरमधून) आउटपुटच्या उणे टर्मिनलकडे सोडायचे. पॉट १० किलोओहम असला की २५ व्होल्ट, ४०० ओहमला एक व्होल्ट. सरळ रेषा. मात्र एक धोका आहे. पॉटचा सरकता संपर्क क्षणभर सुटला तर सर्किटला वाटतं रोध पूर्ण आहे, आणि आउटपुट २५ कडे झेपावतो. पाच व्होल्टच्या बोर्डाचं काय होईल ते सांगायला नको. पॉटला समांतर १० मायक्रोफॅरड लावला की अडीच मिलिअँपिअरमध्ये तो मिलिसेकंदाला पाव व्होल्टच चढू शकतो. संपर्क एक मिलिसेकंद उडाला तरी बोर्डाला कळत नाही. हा एक कपॅसिटर मी कुठल्याही सप्लायवर आधी शोधते. नसेल तर मालकाबद्दल माझं मत बनतं.

बांधून झाला. पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बोर्डावरूनच, ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून. लपकन पेटून मंदावला म्हणजे कपॅसिटर भरला, पुढे चला. पेटलेलाच राहिला तर ब्रिज उलटा नाहीतर अभ्रकाला भोक. ड्रिल केलेल्या भोकाची कड घासली नसेल तर ती कड अभ्रक फाडते, आणि अख्खं हीटसिंक रेलच्या व्होल्टेजवर जातं. मीटरने कलेक्टर ते हीटसिंक आधीच बघून घेतलेलं असलं की ही पाळी येत नाही.

व्होल्टेज आलं, करंट लिमिट आली, आणि त्याबरोबर घरघर आली. दीड अँपिअरला आउटपुटवर वीस मिलिव्होल्ट रिपल. भाचीने सगळे करतात तेच केलं: दहा हजारच्या शेजारी आणखी एक मोठा कपॅसिटर जोडला. घरघर वाढली. "मावशी, हे शक्यच नाही."

शक्य आहे, आणि याच गोष्टीने गुन्हेगार सापडला. रिपल म्हणून मीटरवरचा आकडा बघायचा नसतो, स्कोपवर (व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) आकार बघायचा. दर १० मिलिसेकंदांनी तळाशी चावे घेतल्यासारखे दिसत असतील आणि व्होल्टेज कमी केल्यावर ते नाहीसे होत असतील, तर रेल कमी पडतेय: ट्रान्सफॉर्मर अशक्त किंवा कपॅसिटर सुकलेला. अंतर २० मिलिसेकंद असेल तर ब्रिजचा एक डायोड उघडा आहे आणि अर्ध्याच लाटेवर गाडा चाललाय. हिच्याकडे यातलं काही नव्हतं. अरुंद, टोकदार उंचवटे, दर १० मिलिसेकंदांनी, आणि व्होल्टेज ५ ला आणलं तरी तेवढेच. हे उंचवटे म्हणजे कपॅसिटर भरणाऱ्या करंटचे घोट, जसेच्या तसे. दीड-दोन अँपिअरच्या लोडला या घोटांचं शिखर ८ ते १० अँपिअर असतं. पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला २३ मिलिओहम, म्हणजे १० सेंटिमीटरला २.३. त्यातून १० अँपिअर गेले की २३ मिलिव्होल्ट. हवा तो आकडा हातात आला. कपॅसिटर वाढवल्यावर घोट आणखी अरुंद आणि उंच झाले, म्हणून घरघर वाढली.

डबा उघडून बघितलं तर पॉटची उणे बाजूची तार आउटपुट टर्मिनलऐवजी ब्रिजच्या उणे पायावर डाग देऊन बसवलेली. दिसायला दोन्ही जागा एकच, मीटरवर शून्य ओहम, सर्किटच्या कागदावर तर एकच रेघ. पण ब्रिज ते कपॅसिटर या तुकड्यातून घोट वाहतात, आणि ओपअँप इमानेइतबारे त्या तुकड्यावरचा ड्रॉप मोजून आउटपुटमध्ये मिसळत होता. तार उचलून थेट टर्मिनलच्या नटाखाली नेली. रिपल स्कोपच्या रेषेच्या जाडीत हरवला. शिवाय फुकटचा फायदा: २ अँपिअरला आतल्या तारांमुळे पडणारे चाळीसेक मिलिव्होल्टही गेले. आता ब्रिजच्या तारा फक्त कपॅसिटरला, कपॅसिटरपासून पुढे टर्मिनलला, आणि मोजायच्या सगळ्या तारा टर्मिनलवरून, एवढा नियम तिने डब्याच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवलाय.

डोलण्याची, म्हणजे आउटपुट आपोआप वरखाली थरथरण्याची भानगड मात्र तिच्या सप्लायला झाली नाही, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण लॅबमध्ये या भानगडीने मला सर्वांत जास्त छळलं. जुना, उत्तम चाललेला सप्लाय. मुलांनी ट्रान्झिस्टर उडवला. त्याच नंबरचा नवा टाकला. व्होल्टेज बरोबर, पण लोड नसताना हीटसिंक कोमट, करंटचा दिवा अंधुक पेटलेला, आणि हात जवळ नेला की मीटरचा काटा हलतो. स्कोप दुसऱ्या प्रयोगात अडकलेला असला की मी खिशातला रेडिओ शेजारी ठेवायची, मध्यम लहरींवर, पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झच्या आसपास. सप्लाय चालू केल्यावर रेडिओ शिट्टी मारायला लागला की निदान झालं: सप्लाय स्वतःच ऑसिलेटर झालाय.

कारण असं की नंबर तोच असला तरी ट्रान्झिस्टर तो नाही. जुन्या पद्धतीने बनवलेला २एन३०५५ अगदी मंद होता, ८०० किलोहर्ट्झच्या पुढे त्याच्यात दम नसायचा. आताच्या पद्धतीचे अडीच मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचे आहेत. जुन्या डिझाइनरने त्याचा मंदपणा गृहीत धरून लूप (आउटपुट मोजून दुरुस्त करणारी साखळी) बसवलेला होता. जलद ट्रान्झिस्टर आला, त्यात हीटसिंकपर्यंत फूटभर लांब तारा, आणि गाडं घसरलं. उपाय स्वस्त आहेत. प्रत्येक बेसच्या पायाला खेटून १० ओहम, ओपअँपच्या भोवतीचा, त्याला मुद्दाम मंद करणारा कॉम्पेन्सेशन कपॅसिटर १०० पिकोफॅरडवरून ४७० वर, आणि तारा आखूड. आउटपुटला हजार मायक्रोफॅरड लावून डोलणं दाबायचा उपाय काही जण करतात तो मला मान्य नाही. डोलणं थांबतं, पण करंट लिमिटचा अर्थ जातो. २० व्होल्टला हजार मायक्रोफॅरडमध्ये ०.२ ज्यूल साठलेले असतात, आणि लिमिट २० मिलिअँपिअरला असली तरी एलईडी जोडल्या क्षणी ते सगळे तिच्यातून जातात. आमच्याकडे १०० च्या वर नाही.

शेवटची चाचणी गाडीच्या इंडिकेटरच्या बल्बने, १२ व्होल्ट २१ वॅट. गरम झाल्यावर तो पावणेदोन अँपिअर घेतो, पण थंड असताना जवळजवळ शॉर्टच. १२ ला सप्लाय ठेवून बल्ब टेकवला की करंट लिमिट लागते, फिलामेंट तापतं, व्होल्टेज हळूहळू चढतं आणि कंट्रोल व्होल्टेजवाल्या ओपअँपकडे परत येतो. या हस्तांतराच्या वेळी व्होल्टेज किती वर उसळतं ते बघायचं. हिचं अर्ध्या व्होल्टच्या आत होतं. बरं आहे.

यात एक गोष्ट सापडली. बल्ब लावल्यावर रिले खालच्या टॅपवर पडायचा, फिलामेंट तापलं की वर, मग पुन्हा लोड बदलला की कटकट कटकट. चढायला १२ आणि उतरायला ११ असा फरक ठेवलेला होता, तरी. खाली पडायच्या बाजूला एक सेकंदाचा उशीर घातला, वर चढायला उशीर नाही, आणि आवाज थांबला. त्या एका सेकंदात ट्रान्झिस्टरवर ६८ वॅट पडतात, पण एवढं मोठं हीटसिंक एका सेकंदात जागचं हलत नाही.

आणि बंद करतानाचं बघाच. लोक सप्लाय चालू करताना तपासतात, बंद करताना नाही. पाच व्होल्टवर ठेवून, स्कोप सिंगल शॉटवर लावून स्विच बंद केला तर आउटपुट क्षणभर ९ ला जाऊन आला. कंट्रोलचा उणे ५ आधी मरत होता आणि अधिक १२ नंतर. मधल्या काही मिलिसेकंदांत ओपअँपला बेस पुरेसा खाली ओढताच येत नव्हता, आणि मोठा कपॅसिटर तर भरलेलाच. उणे बाजूचा फिल्टर कपॅसिटर १०० चा ४७० केला, अधिक बाजूचा तेवढाच घटवला, आणि वर एक पीएनपी ट्रान्झिस्टर टाकला, जो उणे ५ ढळला की बेस थेट शून्याला बांधतो. आता बंद करताना व्होल्टेज नुसतं खाली येतं.

पॅनल मीटर तिने अजून लावलेला नाही. स्वस्तातल्या डिजिटल मीटरना स्वतःचा वेगळा सप्लाय लागतो आणि त्यांचा शून्य कुठे जोडायचा हा प्रश्न या उलट्या सर्किटमध्ये नीट सोडवावा लागेल, नाहीतर मीटरचा स्वतःचा करंट ०.४७ ओहममधून जाऊन लिमिट चुकवेल. तिचं म्हणणं, दोन वेगळी वाइंडिंग हवी होती. आहे खरं. पुढच्या ट्रान्सफॉर्मरला सांगू.